तुमची टीम, तुमची पायरी: मैदानात जाऊन पाहिलेल्या फुटबॉलचे अनुभव सांगा

पेठेतला

वर्ल्डकप आला की सगळा महाराष्ट्र महिनाभर फुटबॉलवाला होतो. त्यांनी हा धागा वाचावा, लिहू नये. एकाच टीमपायी ज्यांनी वर्षानुवर्षं उन्हात पाठ भाजून घेतली आणि हरल्यावर ताटावरून उठून गेले, त्यांनी लिहावं. सुरुवात मीच करतो.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. घर पाटाकडीलचं. बाहेरगावच्या मित्रांना दर वेळी समजावून सांगावं लागतं की आमच्याकडे फुटबॉलची टीम म्हणजे तालीम. जिथं आज्जा लाल मातीत घुमला, जिथं गणपती बसतो, त्याच तालमीच्या नावानं अकरा पोरं शाहू स्टेडियमवर उतरतात. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस, फुलेवाडी. टीम निवडायची सोय नाही. पाळणा ज्या गल्लीत हलला, तिथली टीम तुमची.

मला पहिल्यांदा आज्जानं नेलं १९८७ च्या आसपास. सायकलच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून त्यावर मी. आज्जाची पायरी ठरलेली, वरून चौथी. त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात भाजक्या शेंगा असायच्या आणि त्यांचा नियम कडक होता: आपला गोल झाल्याशिवाय एकही शेंग फोडायची नाही. मी सात वर्षांचा, वासानं जीव जायचा, पण नियम म्हणजे नियम. गोल झाला की मूठभर शेंगा माझ्या हातावर. नाही झाला तर खिसा तसाच भरलेला घरी. आजी दारातच कोटाचा खिसा चाचपायची आणि निकाल ओळखायची. दुसऱ्या दिवशी त्या शेंगांची चटणी. हंगामात आमच्या घरी चटणी जास्त झाली की टीमचं काही खरं नाही, हे शेजारच्यांनाही कळायचं.

आईचं माहेर दिलबहारवाल्यांचं. दोघांची मॅच असली की आई सकाळपासून मुकी. दिलबहार जिंकली की मामा संध्याकाळी मुद्दाम पेढे घेऊन हजर. आज्जा पेढा घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि खिशात टाकायचा. खाल्लेला मी कधी बघितला नाही.

आता जे सांगायला जड जातं ते. आमच्या फुटबॉलला ईर्ष्येचा रोग आहे. दगड, बाटल्या, मैदानात घुसणं, मग पोलीस, मग बंद पडलेल्या मॅचेस. सगळे म्हणतात ते समोरच्या पेठेचे. मी २००३ साली एक पाण्याची बाटली फेकलीय. रेफ्रीपर्यंत पोचलीच नाही, खाली कठड्याशी उभ्या भेळवाल्याच्या पाटीत पडली. चिरमुरे, कांदा, चिंचेचं पाणी, सगळं त्या माणसाच्या अंगावर. त्यानं वर बघितलं, आणि शिवी न देता चिरमुरे गोळा करायला लागला. शेजारी आज्जा होता. मॅच अर्धी राहिली असताना तो उठला आणि निघून गेला. त्यानंतर तो यायचा, पण एकटा. बसायचा समोरच्या बाजूला.

लिहा आता तुम्ही.

अंत्रुजकर

फोंड्याहून नमस्कार. बाबा मराठीचे मास्तर आणि टीम धेंपो. मॅच मडगावजवळ फातोर्ड्याच्या स्टेडियमला असली की शाळा सुटल्यावर थेट बस, परतताना कदंबाची शेवटची गाडी चुकणार या धास्तीनं बाबा ऐंशीव्या मिनिटापासून घड्याळ बघायचे. आई म्हणायची, ह्या माणसानं आयुष्यात एकाही मॅचची शेवटची दहा मिनिटं नीट पाहिली नाहीत. मडगावात गाड्यावर रॉस-ऑम्लेट खाणं हा मात्र नियम, मग गाडी चुकली तरी चालेल.

५ डिसेंबर २००४ ची मॅच आम्ही घरी टीव्हीवर पाहिली. बंगळुरूत फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर, १० नंबर. पहिला गोल त्याचा. दुसरा मारताना गोलकीपरशी टक्कर झाली. चेंडू आत गेला आणि तो खाली पडला. आम्ही नाचत होतो. बाबांनी पहिल्यांदा ओळखलं. म्हणाले, "राव, राव, तो उठना." (थांब, थांब, तो उठत नाही.) आम्ही दोन-शून्यनं जिंकलो आणि तो गेला. कप उचलतानाचं काहीही मला आठवत नाही, आठवतो तो बाबांचा टीव्हीकडे रोखलेला हात.

क्लबनं ती १० नंबरची जर्सी निवृत्त केली. त्याच हंगामात धेंपोनं पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. पुढं आणखी चारदा. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स, क्लिफर्ड, वर रँटी आणि बेटो. त्या काळात हरण्याची सवयच राहिली नव्हती. २०१६ मध्ये गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून (राष्ट्रीय लीगचं नंतरचं नाव) अंग काढून घेतलं, तेव्हा बाबा निवृत्त होऊन घरीच होते. धेंपो आय-लीगला परत आली ती २०२४ च्या हंगामात. बाबांना फातोर्ड्याला नेलं. बस नाही, माझी गाडी. तरी ऐंशीव्या मिनिटाला मनगट वर गेलंच.

पेठेतला

अंत्रुजकर, वाचून थांबलो थोडा वेळ. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

झोपलेला लिव्हरपूल

नियम मोडतोय, मैदानात गेलेलो नाही. २५ मे २००५, इस्तंबूल, लिव्हरपूलची चॅम्पियन्स लीगची फायनल. लोडशेडिंगचे दिवस, पण त्या रात्री नेमकी लाइट होती. रात्री एकला हाफटाइम, आम्ही ३-० नं मागे. सकाळी पहिली पाळी होती. झोपलो. पुढं ३-३ करून आम्ही पेनल्टीवर कप जिंकला, ते जगाला ठाऊक आहे, मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. सांगणारा मँचेस्टरवाला होता, हे जास्त लागलं.

पेठेतला

नियमात बसत नाही, पण राहू दे. शिक्षा भोगून झालीय.

बालेवाडी फाटा

पुणेकराचं थोडक्यात. २००७ साली पुणे एफसी निघाली. गावाबाहेरच्या बालेवाडीला दोन बस बदलून गेलो. २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरे आलो, वाटलं आता पुढच्या वर्षी. पुढच्या काही वर्षांत क्लबच गुंडाळला गेला. दरम्यान आयएसएलची, म्हणजे नव्या इंडियन सुपर लीगची, पुणे सिटी आली होती, तिच्यात मन रमवलं. २०१९ मध्ये तिची जागा हैदराबादनं घेतली. सध्या कपाटात दोन स्कार्फ आहेत आणि रविवार मोकळा असतो. बायको म्हणते तिसऱ्या क्लबला तू जाऊ नकोस, त्यांचं तरी बरं होऊ दे.

चर्चगेट फास्ट

बालेवाडी फाटा, हात मिळवा. माझा पहिला क्लब महिंद्रा युनायटेड. वडील मंत्रालयात कारकून, कूपरेज चालत पाच-सात मिनिटांवर. शनिवारी मी आईबरोबर चर्चगेटला उतरायचे, आई खरेदीला, मी बाबांच्या ताब्यात. लाकडी फळ्यांचा स्टँड होता, फळ्यांतून वर आलेले खिळे असायचे. बाबा आधी हातानं चाचपून बघायचे, मग वर्तमानपत्र पसरायचे, मग मला बसवायचे. तरीही दोन फ्रॉक तिथंच फाटले. बाबा कधी ओरडायचे नाहीत. फार झालं तर "अहो, पास द्या ना!" खेळाडूंना अहोजाहो करणारा तेवढा एकच माणूस मी पाहिला. घानाच्या याकुबूलासुद्धा.

२००५-०६ ला राष्ट्रीय लीग आमची. चार वर्षांनी, २०१० मध्ये, टीम बंद झाली. बाबांनी ती बातमी कापून ठेवली, का ते विचारायचं राहिलं.

आता मी अंधेरीला मुंबई सिटीच्या मॅचला जाते. जेमतेम सात हजारांचं मैदान, पण आवाज दाटतो. २०२३ च्या नोव्हेंबरात नेमारची सौदी टीम अल हिलाल नवी मुंबईत आमच्याशी खेळायला आली, तेव्हा एरवी माझ्या वेडाला हसणारे तीन आतेभाऊ नेमारसाठी तिकिटं मागत होते. नेमार जखमी होऊन आधीच बाहेर. भावांना मी विचारलं, "अहो, येता ना?" कुणी आलं नाही. आम्ही २-० हरलो आणि मी मनापासून ओरडले.

पण खरी रात्र ४ मे २०२४ ची. आयएसएलची फायनल कोलकात्यात, मोहन बागानच्या घरी, साठ हजारांवर लोक, त्यात आम्ही एका कोपऱ्यात मूठभर. पूर्वार्ध संपता संपता त्यांचा गोल झाला तेव्हा पायाखालचं काँक्रीट हललं, खोटं नाही सांगत. उत्तरार्धात आमचे तीन. दुसरा बिपिननं मारला तो एक्क्याऐंशीव्या मिनिटाला, आणि तेव्हा जी शांतता पसरली ती मी कधी ऐकली नव्हती. साठ हजार माणसं गप्प आणि आमच्यातल्या एका पोराच्या ढोलाचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतोय. परतीच्या विमानात बसण्याआधी मी सीटवर हात फिरवून बघितला. खिळे नव्हते. सवय.

लेस्टरची मावशी

मी १९८४ मध्ये लग्न करून सांगलीहून लेस्टरला आले. नवरा फिल्बर्ट स्ट्रीटला, लेस्टर सिटीच्या तेव्हाच्या मैदानावर, जायचा. सुरुवातीला मला नेत नसे, म्हणायचा तिथलं बोलणं तुझ्या कानांवर नको. त्याच्या कानांवर पडायचं ते त्यानं कधी सांगितलं नाही. आमच्यासारखे चेहरे त्या गर्दीत बोटांवर मोजण्याइतके. मुलगा आठ वर्षांचा झाला आणि म्हणाला आई येणार नसेल तर मीही नाही. तेव्हापासून आम्ही तिघं. डब्यात धपाटे. थंडीत शेजारचा म्हातारा गोरा आधी नाक मुरडायचा, तिसऱ्या हंगामात स्वतःहून हात पुढे करायला लागला.

२०१६ चं तर सगळ्यांना माहीत आहे, सट्टेवाल्यांकडे पाच हजारास एक भाव होता आम्ही इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकू याचा. २ मे च्या रात्री आमची मॅच नव्हतीच. आमच्या मागे असलेल्या टॉटनहॅमला जिंकायलाच हवं होतं, चेल्सी-टॉटनहॅम २-२ झालं आणि आम्ही चॅम्पियन. बेलग्रेव्ह रोडवरच्या साड्यांच्या दुकानांत त्या दिवसांत निळाच निळा रंग. नवरा हे बघायला नव्हता. मुलानं त्याचा जुना स्कार्फ धुतला, आणि मी त्याच्यावर रागावले. धुवायचा नव्हता तो.

अजून एक. ऑक्टोबर २०१८ मध्ये क्लबचे मालक विचाई यांचं हेलिकॉप्टर मॅचनंतर स्टेडियमबाहेरच कोसळलं. लोक फुलं ठेवायला गेले, मीही गेले. त्या ढिगात कुणीतरी गणपतीची चौकटीतली तसबीर ठेवली होती. ज्या गर्दीपासून नवऱ्यानं मला लांब ठेवलं, तिच्या मधोमध आपला गणपती. मी तिथं बराच वेळ उभी होते.

मंगळवारची लेक

कोल्हापुरातून. मला स्टेडियमला कुणी नेलं नाही, पण दोन भावांच्या चिखलानं भरलेल्या जर्स्या मी धुतल्यात. कुठल्या मैदानाची माती ते पाण्याच्या रंगावरून सांगायचे. गांधी मैदानाची वेगळी, शाहूची वेगळी. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताच्या संघात आमचा अनिकेत जाधव उतरला, तेव्हा पहिल्यांदा मी टीव्हीसमोर पुढच्या रांगेत बसले आणि भाऊ मागे. आता भाची खेळते. तिची जर्सी ती स्वतः धुते, हे मी बजावून ठेवलंय.

पेठेतले दादा, एक विचारू? आज्जा परत तुमच्याशेजारी बसला का?

पेठेतला

ताई, विचारलंत म्हणून लिहितो.

बसला. तीन हंगाम गेले मध्ये. २००६ ला त्याचे गुडघे गेले होते. मी स्टेडियमच्या दारात उभा होतो, तो रिक्षातून उतरला आणि काही न बोलता कोपर पुढं केलं. वरून चौथी पायरी म्हणजे खालून बऱ्याच. दोनदा थांबून वर नेला. भेळवाला तोच होता. आज्जानं त्याच्याकडून दोन भेळी घेतल्या, पैसे मला द्यायला लावले, सुटे परत घेऊ दिले नाहीत.

मॅच सुरू व्हायची होती. पोरं मधोमध हात जोडून उभी. आज्जानं डावा खिसा उलटा केला आणि सगळ्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या. मी म्हटलं, अजून गोल कुठं झालाय? तो म्हणाला, "खा गप."

मॅच शून्य-शून्य. टायब्रेकरवर हरलो. घरी आलो तर आजी दारात. खिसा चाचपला, रिकामा. खुश होऊन विचारते, "किती मारले?"