सेरेनेसनंतर पेशंट सारखा येरझाऱ्या घालतोय: आजार वाढलाय की औषधाचा त्रास?

रात्रपाळी_३
मानसोपचार वॉर्डात नवीन पोस्टिंग आहे. तरुण पेशंट, स्किझोफ्रेनिया. भरतीच्या दिवशी सेरेनेस (म्हणजे हॅलोपेरिडॉल, मनोविकारावरचं औषध) ५ मिग्रॅ आणि फेनरगन (प्रोमेथाझिन, झोप आणणारं) ५० मिग्रॅ दोनदा स्नायूत दिलं, आता हॅलोपेरिडॉलची ५ मिग्रॅ गोळी सकाळ-रात्र चालू आहे. तिसऱ्या दिवसापासून तो एका जागी थांबत नाही. दोन घास खाल्ले की ताटावरून उठतो, रात्रभर कॉरिडॉरमध्ये फिरतो. "घरी सोडा, नाहीतर मी काहीतरी करून घेईन" म्हणतो. केस पेपरवर 'उत्तेजना वाटल्यास इंजेक्शन रिपीट' असा एसओएस, म्हणजे गरज पडल्यास द्यायचा आदेश आहे. द्यावं का?

इनचार्ज_सिस्टर
एसओएस लिहिलाय म्हणून लगेच अँप्युल फोडू नका. वेळ बघा: औषध सुरू होऊन तीन दिवस झालेत. हे अकॅथिसियाचं चित्र आहे, म्हणजे औषधामुळे आतून अशी तगमग होते की एका जागी बसवत नाही, आणि त्यावर पुन्हा सेरेनेस म्हणजे आगीत तेल.

पडताळणीला पाच मिनिटं लागतात. त्याला खुर्चीवर बसवून इकडचं तिकडचं बोलत राहा आणि दोन मिनिटं फक्त पायांकडे बघा. मग दोन मिनिटं उभं करा. बसल्यावर पाय हलवतो, मांड्या एकमेकींवर टाकतो-काढतो, उभा राहिल्यावर भार या पायावरून त्या पायावर टाकत जागीच चालल्यासारखं करतो, तर संशय पक्का धरा. मग विचारा: "त्रास डोक्यात आहे की पायांत? चाललं की बरं वाटतं का?" असे पेशंट "पायांत वळवळतंय", "जीव वरखाली होतो", "बसवतच नाही हो" असं सांगतात. बसायला सांगितलं तर बसायचा प्रयत्न करतात, पण जमत नाही.

आजाराच्या उत्तेजनेत चालण्याला काहीतरी निमित्त असतं. कोपऱ्यात बघून उत्तर देणं, कुणावर तरी संशय, कुणीतरी मारायला येतंय म्हणून दारापाशी धावणं. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून आवाज ऐकू येतात का हे विचारायचंच.

फसगत कुठे होते ते सांगते. रिपीट दिलं की फेनरगनमुळे काही तास झोप लागते आणि इंजेक्शन लागू पडलं असं सगळ्यांना वाटतं. सकाळी तो दुप्पट फिरतो. मग डोस वाढतो. हे चक्र नोट्समध्ये 'अजिटेटेड' एवढाच शब्द लिहिल्यामुळे चालू राहतं.

ब्रदर_मनो
सिस्टरांशी सहमत. रेसिडेंटना फोन करताना "पेशंट ऐकत नाही" असं सांगू नका, नाहीतर उत्तर 'रिपीट करा' हेच मिळेल. किती मिग्रॅ गेलं, शेवटचा डोस कधी, बसवल्यावर पाय कसे हलले, नाडी आणि बीपी किती, एवढं सांगा आणि "अकॅथिसिया वाटतोय, बघायला या" असं थेट म्हणा. डॉक्टर बहुधा डोस कमी करतील किंवा औषध बदलतील, जोडीला प्रोप्रॅनोलॉल (नाडी मंदावणारी गोळी) १० मिग्रॅपासून किंवा थोडं क्लोनाझेपाम (शांत करणारं औषध). प्रोप्रॅनोलॉलआधी दम्याची हिस्ट्री विचाराच, आणि नाडी ६० च्या खाली असेल तर गोळी देण्याआधी कळवा. नुसत्या पॅसिटेनने अकॅथिसिया फारसा उतरत नाही, ती मान-जबडा आखडण्यावरची गोळी.

आणि "काहीतरी करून घेईन" हे वाक्य धमकी म्हणून सोडू नका. अकॅथिसियाची तगमग इतकी असते की माणूस त्यातून सुटायला जिवावर उदार होतो. सरळ विचारा: "मरावंसं वाटतंय का? कसं करायचं ठरवलंय का?" विचारल्याने डोक्यात नवीन काही शिरत नाही. नाडा, पट्टा, ब्लेड, काचेची बाटली काढून घ्या, बेड नर्सिंग स्टेशनसमोर आणा. बाथरूमला सोबत माणूस हवा.

जुना_वॉर्ड
दोन गोष्टी राहिल्या. पहिली, डिस्टोनिया, म्हणजे औषधामुळे अचानक स्नायू आखडणं. मान एका बाजूला पिळते, डोळे वर चढून तसेच राहतात, जीभ बाहेर येते किंवा जबडा अडकतो. तरुण पुरुषांत जास्त, बहुतेकदा पहिल्या चार-पाच दिवसांत. पेशंट पूर्ण शुद्धीवर असतो आणि घाबरलेला असतो. नातेवाईक "अंगात आलंय" म्हणतात, स्टाफ "नाटक करतोय" म्हणतो, दोघंही चुकतात. आदेश घेऊन फेनरगन स्नायूत दिलं की साधारण अर्ध्या तासात सुटतं. सेरेनेससोबत फेनरगन देण्यामागे झोपेइतकंच हेही कारण आहे. रिओ द जानेरोतल्या एका चाचणीत नुसतं हॅलोपेरिडॉल घेणाऱ्यांत इतका डिस्टोनिया दिसला की ती मुदतीआधी थांबवली, निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज आला तर ऑक्सिजन लावून डॉक्टरांना लगेच बोलवा.

दुसरी, थर्मामीटर. अंग काठीसारखं ताठ, घाम, बीपी वरखाली, बोलण्यात गोंधळ आणि ताप १००.४ च्या वर, तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम (या औषधांची जीवघेणी प्रतिक्रिया) समजून पुढचा डोस थांबवा आणि डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवा. सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) लागेल, आयसीयूही लागू शकतं. पाणी न पिता दिवसभर फिरणाऱ्या पेशंटला धोका जास्त, म्हणून इनटेक-आउटपुट (किती प्यायला, किती लघवी झाली) लिहा.

रात्रपाळी_३
धन्यवाद. बसवून बघितलं, पाय थांबतच नाहीत. अंग सैल आहे, ताप नाही. रेसिडेंट येतायत. पण रात्री मी एकटी आणि एक मावशी. तोवर बांधून ठेवा असं सांगतात.

इनचार्ज_सिस्टर
नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ९७: बांधणं फक्त तात्काळ इजा टाळायला, दुसरा उपाय नसेल तेव्हा, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. स्टाफ कमी हे कारण चालत नाही असं कायद्यातच लिहिलंय. बांधलंच तर नामनिर्देशित प्रतिनिधीला (पेशंटच्या वतीने नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवावं लागतं. शिवाय ज्याला चालल्याशिवाय राहवत नाही त्याला बांधणं म्हणजे छळच. चालू द्या, कॉरिडॉरमधले स्टूल बाजूला करा, पाणी हातात द्या.

नोट अशी लिहा: "रा. ११.४०. बसवल्यावर २ मिनिटांत ४ वेळा उठला, पाय सतत हलवतो, चालल्यावर बरं वाटतं म्हणतो. आवाज ऐकू येत नाहीत असं सांगतो. मरावंसं वाटतं, ठरवलेलं काही नाही म्हणतो. नाडी ९६, बीपी १२४/८०, ताप ९८.४. एसओएस इंजेक्शन दिलं नाही. रेसिडेंटना ११.४५ ला कळवलं."