दुधाच्या दाढांना कॅप: स्टील, झिरकोनिया की लवचिक पांढरी? वय साडेपाच, निकेलची शंका

कर्वेनगर_बाबा

नमस्कार. मुलगी साडेपाच वर्षांची आहे. केसपेपरवर दातांचे क्रमांक आहेत: 85 म्हणजे खालची उजवी शेवटची दुधाची दाढ, 84 तिच्या पुढची, 51 आणि 61 वरचे मधले दोन. पुढे असं लिहिलंय: 85 ला पल्पेक्टॉमी (नस काढून आत औषध भरणं) पूर्ण, वर तात्पुरतं सिमेंट. 84 ला 85 कडच्या बाजूने कीड, दुखत नाही, एक्स-रेमध्ये कीड आणि नस यांच्यात चांगलं अंतर. 51 आणि 61 च्या कडा किडलेल्या. चारही दातांना कॅप सुचवली आहे आणि प्रकार आम्ही निवडायचा आहे: स्टील, झिरकोनिया (कडक पांढरी सिरॅमिक) किंवा लवचिक पांढरी.

खोटे कानातले घातले की तिच्या कानाच्या पाळ्या लाल होऊन चिघळतात. स्टीलच्या कॅपमध्ये निकेल असतं, मग ती चालेल का? 84 ला हॉल पद्धतीने, म्हणजे इंजेक्शन न देता आणि दात न घासता कॅप बसेल का? घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, दुधाचेच दात आहेत, काढून मोकळे व्हा. दातांच्या क्षेत्रातल्या लोकांनी कृपया सविस्तर सांगावं.

डॉ_खुर्चीमागे

दादा, आधी 51 आणि 61 बाजूला काढा. वरचे मधले दुधाचे दात साधारण सहा ते सातच्या दरम्यान पडतात. एक्स-रेमध्ये त्यांची मुळं विरघळायला लागलेली असतील किंवा दात बोटाने हलत असतील, तर कॅपचा खर्च वाया जाईल. नुसत्या कडा किडल्या असतील तर कीड काढून कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) लावा, किंवा सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून कीड थांबवा. त्याने किडलेला भाग काळा पडतो, हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर घरी गेल्यावर धक्का बसतो. हेच दात तीन वर्षांच्या मुलाचे असते तर सल्ला वेगळा असता.

खालच्या दाढांचं गणित उलटं आहे. 84 पडते नऊ ते अकराच्या सुमारास, 85 दहा ते बाराच्या. म्हणजे 85 ला अजून किमान साडेचार-पाच वर्षं भाकरी चावायची आहे. ती आत्ता काढली तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि खाली तयार होणाऱ्या दाताची जागा खाते. मग जागा राखायला तारेचा स्पेस मेंटेनर लागतो. कायमची दाढ अजून हिरडीत असेल तर नेहमीचा बँड अँड लूप चालत नाही, हिरडीच्या आत पाय जाणारा वेगळा प्रकार लागतो आणि तो सांभाळणं किचकट असतं. तेव्हा काढून मोकळं होणं इथे स्वस्तात पडणार नाही.

पल्पेक्टॉमीनंतर नुसतं सिमेंट भरून का भागत नाही? दुधाच्या दाढेचं इनॅमल, म्हणजे बाहेरचा कडक थर, जेमतेम 1 मिमी असतं. नसेपर्यंत पोचण्यासाठी वरचं छत काढलं आणि एक भिंत किडीने गेली की उरलेल्या भिंती चावताना फाटतात. शिवाय कडेने लाळ आत झिरपली की आतलं औषध दूषित होतं आणि काही महिन्यांनी हिरडीवर पुळी दिसते. तात्पुरत्या सिमेंटवर आठवडा-दोन आठवड्यांपेक्षा जास्त काढू नका.

स्टीलची कॅप 1950 च्या सुमारास मुलांच्या दातांसाठी वापरात आली आणि मागच्या दाढांसाठी आजही माझी पहिली पसंती तीच. वरून 1 ते 1.5 मिमी घासायचं, दोन्ही बाजूंच्या फटीतून बारीक बर (ड्रिलचं टोक) फिरवून शेजारचा दात सुटा करायचा, गाल आणि जिभेकडची बाजू बहुतेक वेळा तशीच ठेवायची. तिथला फुगवटाच कॅपला धरून ठेवतो. बाजू घासताना हिरडीपाशी पायरी राहता कामा नये, कॅप त्या पायरीवर अडते आणि पूर्ण खाली जात नाही. नंतर 2 ते 7 नंबरमधली बसेल ती सगळ्यात लहान कॅप निवडायची, प्लायरने कडा आत वळवायची, कट्कन बसली पाहिजे. कडा हिरडीच्या साधारण 1 मिमी आत. हिरडी क्षणभर पांढरी पडते ते ठीक, पण मोठा पट्टा पांढराच राहिला तर कडा लांब आहे, कापायला हवी. शेवटी ग्लास आयोनोमर सिमेंट, आणि गाठ मारलेला फ्लॉस दोन दातांमधून ओढून जादा सिमेंट काढणं. ही शेवटची पायरी घाईत राहिली की महिनाभराने हिरडी सुजून रक्त येतं आणि दोष कॅपवर जातो.

हॉल पद्धत 84 ला लागू पडते: दुखणं नाही, पुळी नाही, कीड आणि नस यांच्यात डेंटिनचा (इनॅमलखालच्या थराचा) स्पष्ट पट्टा. तीन ते पाच दिवस आधी दोन दातांमध्ये रबराचे सेपरेटर घालतात, मग सिमेंट भरलेली कॅप दाबून बसवतात. कीड आत बंद होते, तिचा अन्नपुरवठा तुटतो. चावा थोडा उंच होतो आणि काही आठवड्यांत आपोआप जुळतो. पण तुमच्या बाबतीत 85 साठी भूल द्यावीच लागणार. नस काढलेली असली तरी हिरडी दुखते. खालच्या जबड्याला ब्लॉक दिला की 84 सुद्धा बधिर होते, मग तीही त्याच बैठकीत घासून बसवलेली बरी. 84 उंच ठेवली तर 85 तोवर चाव्यात येणार नाही. हॉलची खरी मजा घाबरलेल्या, तोंड न उघडणाऱ्या मुलांमध्ये, किंवा एकच दाढ असेल तेव्हा.

लॅबवाला_नारायणपेठ

निकेलबद्दल. आजच्या स्टीलच्या कॅपमध्ये निकेल साधारण 9 ते 12 टक्के आणि क्रोमियम 17 ते 19 टक्के असतं. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि निकेल फारसं सुटत नाही. पूर्वी निकेल-क्रोमच्या कॅप मिळायच्या, त्यात 70 टक्क्यांच्या वर निकेल असायचं. ॲलर्जीची बरीचशी भीती त्या काळातली आहे.

तरीही पाळ्या चिघळण्याचा इतिहास असेल तर मी तो हलक्यात घेणार नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्या. टेस्ट निकेलला पॉझिटिव्ह आली तर धातू नसलेला पर्याय घेणं रास्त. ‘शाळेत पोरं हसतील’ म्हणून 85 ला झिरकोनिया मागणारे बरेच येतात. तिथली कॅप तोंड भरून हसल्याशिवाय दिसतसुद्धा नाही.

झिरकोनिया घ्यायची ठरली तर काय बदलतं ते समजून घ्या. ही कॅप जाड असते आणि तिची कडा वळवता येत नाही. स्टील दाताला मिठी मारून बसतं, झिरकोनिया फक्त सिमेंटच्या भरवशावर. म्हणून दात वरून 1.5 ते 2 मिमी आणि शिवाय चारही बाजूंनी घासावा लागतो, हिरडीच्या आतपर्यंत. कॅप सैल, विनाजोर बसली पाहिजे. दाबून बसवायला गेलात तर तडा जातो. इतकं घासल्यावर हिरडीतून रक्त येतं आणि तिथेच बहुतेक कॅप बिघडतात. कॅप घालून पाहताना आतल्या बाजूला लाळ लागते, लाळेतले फॉस्फेट झिरकोनियाला चिकटतात आणि सिमेंट नीट धरत नाही. फॉस्फोरिक ॲसिडने धुऊन उपयोग नाही, त्यातही फॉस्फेटच. त्यासाठीचं खास क्लीनर किंवा आतून सँडब्लास्ट, हे मुख्य मार्ग. काही कंपन्या मापासाठी वेगळी गुलाबी ट्राय-इन कॅप देतात, ती असेल तर हा प्रश्नच येत नाही. डॉक्टरांना एवढंच विचारा: ट्राय-इन कॅप आहे का, आणि रक्त थांबवून मगच चिकटवणार ना?

आणखी एक अडचण. 84 आणि 85 एकमेकींना चिकटून आहेत, मधे किडीमुळे दात थोडे सरकलेले असू शकतात. स्टीलची कॅप हाऊ प्लायरने पुढून-मागून दाबून अरुंद करता येते. झिरकोनियात तो मार्ग नाही, अरुंद मापाची कॅप मागवावी लागते किंवा दात आणखी घासावा लागतो. चावा जुळवायला झिरकोनिया वरून घासली तर पॉलिश केल्याशिवाय सोडू देऊ नका. गुळगुळीत झिरकोनिया समोरच्या दाताला त्रास देत नाही, खरखरीत मात्र सँडपेपरसारखी समोरचं इनॅमल खाते.

लवचिक पांढऱ्या कॅप पॉलिमरच्या असतात, त्यात धातू नसतो आणि झिरकोनियापेक्षा दात कमी घासावा लागतो. निकेल पॉझिटिव्ह आलं आणि जास्त घासणं नको असेल तर विचार करण्यासारखा पर्याय. पण प्रकार नवा आहे आणि चाव्याने झिजतो. रात्री दात खाण्याची सवय असलेल्या मुलाच्या 85 ला मी तो सुचवणार नाही.

कर्वेनगर_बाबा

खूप स्पष्ट झालं. 51, 61 हलत आहेत की नाही ते विचारतो, पॅच टेस्टही करून घेतो. तीन गोष्टी राहिल्या. टेस्टचा निकाल येईपर्यंत 85 चं काय? आणि कॅप निघालीच तर घरी काय करायचं? पुढे कधी एमआरआय करावा लागला तर स्टील चालतं का?

हायजीन_बाणेर

पॅच टेस्टच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस ठेवतात आणि नंतर एक-दोनदा वाचतात, म्हणजे आठवड्याभरात निकाल. तेवढ्यासाठी डॉक्टरांना 85 वरचं सिमेंट ग्लास आयोनोमरने बदलून द्यायला सांगा, नुसत्या तात्पुरत्या सिमेंटपेक्षा कड घट्ट बंद राहते.

कॅप निघाली तर धुऊन डबीत ठेवा आणि दोन-तीन दिवसांत दाखवा. कॅप वाकली नसेल तर बहुतेक वेळा तीच परत बसते. घरचं गोंद, फेविक्विक अजिबात नाही. मुलीने गिळली तर सहसा पोटातून निघून जाते, तरी डॉक्टरांना कळवा. पण त्याच वेळी ठसका, घरघर किंवा श्वासाला त्रास असेल तर वाट न बघता थेट हॉस्पिटल.

बसवल्या दिवशी भूल उतरेपर्यंत, दोन-तीन तास, जेवण नको आणि लक्ष ठेवा. गंमत म्हणून मुलं ओठ चावतात आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून येतो, पालकांना वाटतं इन्फेक्शन झालं. पुढे चिक्की, टॉफी, च्युइंगगम बंद. लोणावळ्याहून येताना डबा आला तर तो मोठ्यांनी संपवावा. कॅपच्या आत कीड लागत नाही असं समजू नका, हिरडीजवळच्या कडेला लागते. तिथे ब्रश तिरका धरून रात्री घासायचं, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, ब्रश मोठ्यांनी हातात घ्यायचा.

एमआरआय: स्टीलमुळे तोंडाच्या आसपासच्या चित्रात काळा डाग येऊ शकतो, बाकी शरीराच्या स्कॅनला अडचण नाही. तंत्रज्ञाला कॅप असल्याचं सांगायचं.

खर्च विचारताना 85 च्या आकड्यात पल्पेक्टॉमी, एक्स-रे, कॅप आणि कॅप निघाली तर पुन्हा बसवणं, यातलं काय-काय धरलंय ते लिहून घ्या. हात आखडता असेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, वडगाव बुद्रुकचं सिंहगड, कॅम्पातलं रंगूनवाला या डेंटल कॉलेजांत लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. खर्च कमी, पण फेऱ्या आणि खुर्चीवरचा वेळ जास्त, तेव्हा मुलगी किती वेळ बसते ते बघून ठरवा.

डॉ_खुर्चीमागे

एक राहिलं. 85 वरच्या कॅपची मागची कडा नीट घेतली आहे ना, हे कॅप बसवल्यावरच्या एक्स-रेत बघून घ्या. ती बाहेर आलेली किंवा लांब असेल तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ तिच्याखाली अडकते आणि तिरकी येते. मुलीचं वय आत्ता नेमकं त्याच टप्प्यावर आहे, म्हणून त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा एक फिल्म काढून दाढ सरळ चढतेय का ते पाहायचं.