मुलगी आणि सासूबाईंना घेऊन पुण्यातली संग्रहालयं नियमित पाहायची आहेत, सुरुवात कुठून करू?

चिंचवडची आई
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, सतत काही ना काही रेखाटत असते. शाळेच्या सहलीत केळकर संग्रहालय पाहून आली, पण रांगेत भराभर पुढे जावं लागल्यामुळे मनासारखं काहीच बघता आलं नाही. पुन्हा जायचं म्हणते आहे. सासूबाईही येणार म्हणतात, मात्र त्यांचे गुडघे दुखतात. एकदा पाहून मोकळं व्हायचं नाहीये, महिन्यातला एखादा रविवार यासाठी ठेवायचा विचार आहे. पहिल्यांदा काय पाहावं? आत बसून चित्र काढू देतात का? आणि चित्रकार मंडळींशी तिची गाठ पडेल अशा जागा आहेत का?

नातूबागवाला
ताई, सुरुवात केळकरांपासूनच करा. पिंपरीहून मेट्रोने थेट मंडईला उतरा आणि तिथून चालत या. बाजीराव रोडला गाडी लावायच्या भानगडीत पडू नका. सासूबाईंना चालवणार नसेल तर स्टेशनबाहेर रिक्षा करा.

आत सगळं पाहायचं नाही, हे घरूनच ठरवून निघा. संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू आहेत आणि त्यातल्या अडीचेक हजारच मांडलेल्या आहेत. तेवढ्याही एका दिवसात बघायला गेलात तर डोळे थकतात आणि घरी आल्यावर काहीच आठवत नाही. पहिल्या रविवारी फक्त दिवे बघा. समया, लामणदिवे, निरांजनं. पुढच्या खेपेला अडकित्ते. अडकित्त्याची गंमत अशी की त्याला दोन दांडे, एक खीळ आणि एक पातं असलंच पाहिजे, नाहीतर सुपारी फुटणार नाही. कारागिराने या अडचणीतच घोडे, पक्षी, माणसं बसवली. मुलीला आधी नुसती दांड्यांची रेघ काढायला सांगा, मग कुठला भाग कापायच्या कामाचा आणि कुठला हौसेचा, ते तिचं तिलाच दिसेल. तसंच पाय घासायच्या वज्रीचं. रोज न्हाणीघरात लागणारी वस्तू, तिच्यावरसुद्धा कोणीतरी मन लावून मोर-पोपट घडवले!

आत शिरण्याआधी तिला दिनकर गंगाधर केळकरांची (१८९६–१९९०) गोष्ट जरूर सांगा. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले आणि पुढे आयुष्यभर गावोगाव हिंडत राहिले. पत्नी कमलाबाईंची त्यांना पूर्ण साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्याच नावावरून संग्रहालयाचं नाव 'राजा दिनकर केळकर संग्रहालय'. १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. तलवारी आणि सिंहासनं जपणारे पुष्कळ असतात, पण कुलपं, दौती, पानदानं जपावीत असं त्या काळी किती जणांना वाटलं असेल? मला या माणसाबद्दल फार आदर आहे. मस्तानी महालही बघा, कोथरूडहून आणून तिथे पुन्हा उभा केलेला आहे.

रेघोट्या
मी शाळेत चित्रकला शिकवते. तिकीट खिडकीवर आधी विचारा, न विचारता वही उघडू नका. पेन्सिल आणि छोटी वही एवढंच न्या. शाई आणि जलरंग कुठल्याच संग्रहालयात काढू नयेत, एक शिंतोडा उडाला तरी वस्तूचं कायमचं नुकसान. फ्लॅशही बंद. प्रकाशाने कापड आणि रंग फिके पडतात आणि ते पुन्हा भरून निघत नाहीत. हे मुलांना कारणासकट सांगितलं की ती मोठ्यांपेक्षा जास्त काळजी घेतात.

केळकरांकडच्या चित्रकथी चित्रांसाठी एक रविवार राखून ठेवा. एकेक चित्र दाखवत कथा गाऊन सांगायची ही परंपरा. मोठ्ठे डोळे, ठाम रेघ, सपाट रंग. सातवीतल्या मुलीचा हात त्या रेषेकडे पटकन वळतो असा माझा अनुभव आहे.

डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालयही विसरू नका. शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं उत्खनन याच संस्थेने केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानची वस्ती, आपल्याच जिल्ह्यातली! त्या काळची जोर्वे भांडी (जोर्वे गावावरून पडलेलं नाव) तांबूस रंगाची, वर काळ्या रंगात त्रिकोण, जाळ्या, आडव्या रेघा, आणि काहींना तोटी. कॉलेजच्या कामाच्या वेळा फोनवर विचारून जा, रविवारच्या भरवशावर राहू नका.

कसब्यातली आजी
सासूबाईंना बाकावर बसवून तुम्ही दोघी पुढे निघून जाऊ नका हं. त्यांना जुन्या भांड्यांपाशी न्या आणि गप्प उभ्या राहा. ओगराळं कुठलं, पळी कुठली, घंगाळ कशासाठी, चरवीत काय ठेवायचे, हे त्याच सांगतील. तिथली पाटी दोन ओळींची असते, त्यांच्याकडे अख्खं माजघर आहे. नातीने ऐकून ते चित्राच्या बाजूला लिहून ठेवावं. वर जायला जिने आहेत, तेव्हा एका खेपेला एकच मजला करा.

चिंचवडची आई
आजी, हे मला सुचलंच नसतं. खूप आभार. चित्रकारांबद्दल कोणी सांगेल का?

दालनात भेटू
बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आणि घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन. इथे प्रदर्शनं सारखी बदलत असतात आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा त्याला बोलायला उसंत नसते. मधल्या एखाद्या दुपारी जा. "छान आहे" म्हणून पुढे सरकण्यापेक्षा तिला एकच नेमका प्रश्न विचारू द्या. हा निळा असा धुरकट कसा आला? कागद कुठला? दिवसभर नुसतं "छान छान" ऐकलेला माणूस असल्या प्रश्नाने खुलतो, प्रसंगी झोळीतून कच्ची रेखाटनंही काढून दाखवतो. निघताना अभिप्राय वहीत तिलाच लिहू द्या. अभिनव कला महाविद्यालयाच्या मुलांची प्रदर्शनं असली तर ती आधी गाठा. जेमतेम आठ-दहा वर्षांनी मोठी असलेली ताई-दादा मंडळी रंग लावताना कुठे अडली, हे ऐकणं तिच्या वयाला जास्त जवळचं आहे.

आणि संग्रहालयातल्या पहारेकऱ्यांशी बोला! दिवसभर त्या वस्तूंच्या सोबत तेच असतात. कुठल्या कपाटापाशी लोक थबकतात, कुठे ऊन चांगलं येतं, सगळं त्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तेच तुमच्या मुलीला हाक मारतील.

नातूबागवाला
दिवाळीच्या सुट्टीत मुक्कामाने औंधला जाऊन या. आपलं बाणेरजवळचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये तिथे चित्रसंग्रहालय उभारलं. ते स्वतः उत्तम चित्रकार होते. राजा रविवर्मांची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पही आहे.

रेघोट्या
औंधला माझंही अनुमोदन, पण ताई, त्याआधी केळकरांकडच्या चार-पाच खेपा होऊ द्या. थांबून बघायची सवय लागली की मग रविवर्मा बघण्यात खरी मजा आहे.

चिंचवडची आई
ठरलं तर. येत्या रविवारी दिवे, तळमजल्यावर असतील तर सासूबाईंसकट. पेन्सिलींना आत्ताच टोक काढून ठेवलंय पोरीने. तिचं पहिलं चित्र इथेच टाकते, रेघोट्याताई, तुम्ही नक्की बघा.