लोडशेडिंगमधलं 'शेड'

लोडशेडिंगमधलं 'शेड' म्हणजे पत्र्याची शेड का, असं काही जण विचारतात. नाही. हे क्रियापद आहे, झाड पानं गाळतं त्यातलं. साप कात टाकतो तिथेही इंग्रजीत हाच शब्द. म्हणजे भार गाळणं.

ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी (सेकंदाला होणारी विजेची आवर्तनं) ५० हर्ट्झच्या आसपास राहावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती अपुरी पडली की ती घसरते. मग सगळं ग्रिड कोसळू नये म्हणून काही फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाइनी, मुद्दाम बंद करतात. २०१२ च्या जुलैत उत्तर भारतात ग्रिड कोसळलं ते लोडशेडिंग नव्हतं. लोडशेडिंग हा ते टाळायचा उपाय. तार तुटली तर तो फॉल्ट, म्हणजे बिघाड. 'भारनियमन' हा मराठी शब्द मला फार सौम्य वाटतो. नियमन म्हटलं की तोडणं लपतं.

आमच्याकडे रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात या शब्दाचा अर्थ आणखी वेगळा. घरात दिवा लागलेला असतो, तरी वडील म्हणत, "लोडशेडिंग चालू आहे." कारण शेतात थ्री फेज, म्हणजे पंपाला लागणारी तीन तारांची वीज, नाही, पंप बंद. रात्री दीडला थ्री फेज आली की बॅटरी घेऊन निघायचे, आधी सापासाठी पाय आपटत, मग स्टार्टरच्या पेटीत आत काही बसलंय का बघत, आणि मगच हिरवं बटण. दीपनगर वीजकेंद्राच्या चिमण्यांचे लाल दिवे भुसावळकडून येताना दिसायचे, त्याच रात्री आमचा पंप मुका असायचा. म्हणून 'लाईट गेली' आणि 'लोडशेडिंग' यांना एकच समजू नका.