मदत हवी आहे: मटणाच्या रश्श्याबरोबर कोणती वाईन?

मंडळी, रविवारी सहा जण जेवायला आहेत. मटणाचा काळा रस्सा, भाकरी. मागच्या वेळी हौसेने दीड हजाराची शिराझ ही लाल वाईन आणली आणि ऐन मे महिन्यात ओट्यावरच ठेवली. कोमट झालेली ती वाईन तिखटावर नुसती कडू लागली, जीभ कोरडीठक्क. मेहुणा म्हणाला, "यापेक्षा सोलकढी बरी." खोटं कसं म्हणू!

उलट नाशिकची आठशेची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन, गार, जराशी गोडसर, पेरूसारख्या वासाची, कांदाभज्यांबरोबर झकास गेली होती. रश्श्यालाही तीच आणू, की रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, चालेल? लाल वाईनच घ्यायची तर कमी टॅनिनची (जीभ कोरडी करणारा घटक) कोणती? बजेट बाटलीमागे हजार. आणि हो, उघडलेली बाटली फ्रिजमध्ये किती दिवस टिकते?