मदत हवी आहे: गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात नाक सतत चोंदलेलं (सांगली)

कृष्णाकाठ: धाकट्या जावेचं नाक दीड-दोन महिने बंदच आहे. ताप नाही, शिंका नाहीत, आडवं झालं की वाढतं. मेडिकलमधून आणलेले झायलोमेटाझोलिनचे थेंब टाकले की तेवढ्यापुरतं मोकळं. सासूबाई म्हणतात, पोटामुळे. मला कारखान्याच्या धुराचा संशय. हार्मोन्सने नाक चोंदतं का?

नस्य: चोंदतं. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन वाढलं की नाकातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, त्यात अंगातलं रक्तही वाढलेलं, म्हणून आतलं अस्तर सुजतं. शेंबूड साचलेला नसतोच, वाटच अरुंद होते. त्यामुळे शिंकरून उपयोग नाही. ६ आठवड्यांहून जास्त टिकतं आणि बाळंतपणानंतर साधारण २ आठवड्यांत जातं. धूर किंवा हळदीची धूळ भर घालते. पण ॲलर्जी असती तर शिंका आणि नाकाडोळ्यांना खाज असती.

थेंब किती दिवस चाललेत? ३ ते ५ दिवसांच्या पुढे गेले की औषध उतरताच अस्तर आणखी फुगतं, मग हार्मोन कुठला नि थेंबांचा परिणाम कुठला, कळत नाही. एकदम सुटत नसतील तर आधी एका नाकपुडीत बंद करा, ती सुटली की दुसरीत.

कृष्णाकाठ: तीन आठवडे झाले असतील! मग करायचं काय?

नस्य: मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पाव लिटर पाणी खळखळ उकळून कोमट करा, त्यात सपाट अर्धा चहाचा चमचा बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खायचा सोडा. झोंबलं तर बहुधा मीठ कमी-जास्त झालंय. बेसिनवर वाकून मान तिरकी, तोंड उघडं, वरच्या नाकपुडीतून हळू सोडा. नंतर जोरात शिंकरू नका, कानाला दडे बसतात. नळाचं किंवा बोअरचं कच्चं पाणी अजिबात नको, त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो.

उशांची चळत लावली की मान नुसती मुडपते. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवा, कुशीवर झोपू द्या. वाफ साध्या पाण्याची, कापूर नको.

मिरजकर: सर्दीच्या गोळ्या मनाने देऊ नका, त्यांत बहुतेक वेळा रक्तवाहिन्या आवळणारं औषध असतं. धुऊन भागलं नाही तर डॉक्टरांना ब्युडेसोनाईडच्या स्प्रेबद्दल विचारा. गरोदरपणात नाकाच्या स्टिरॉइड स्प्रेंपैकी त्याचाच अनुभव जास्त आहे. थायरॉइड कमी असलं तरी नाक चोंदतं, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पाहून घ्या.

घोरणं नव्याने सुरू झालंय का? त्यासोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज असेल तर नाक राहू द्या, त्याच दिवशी बीपी तपासा.