व्याकुळ मरीया: तलवार एक की सात?

प्रश्न:
चित्रांत-मूर्तींत येशूच्या आईच्या, मरीयेच्या छातीत कुठे एक तलवार दिसते, कुठे सात. कुठे ती क्रुसापाशी उभी असते, कुठे मांडीवर येशूचा देह. सरसकट सगळ्याला 'पिएता' म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि यातलं बायबलमधलं किती?

प्रतिसाद १:
मांडीवर देह असेल तरच पिएता. एकटी, हात जुळवलेली, अश्रू ढाळणारी असेल तर 'मातेर दोलोरोसा', म्हणजे शोकाकुल माता.
एक तलवार लूकच्या शुभवर्तमानातली (बायबलमधलं येशूचं चरित्र, २:३५): तुझ्या जिवातून तलवार जाईल, असं शिमोनाने मंदिरात मरीयेला सांगितलेलं भाकीत. सात म्हणजे सात दुःखं: ते भाकीत, मिसरला (इजिप्तला) पलायन, येशू तीन दिवस न सापडणं, क्रूस वाहणाऱ्या मुलाची भेट, क्रुसावरचा मृत्यू, देह उतरवणं, दफन. चौथी घटना, म्हणजे वाटेतली भेट, शुभवर्तमानांत नाही. पिएताही नाही, देह अरिमथाईकर योसेफाने उतरवला, एवढंच. मांडीवरची मूर्ती १३०० च्या सुमारास जर्मन भागात रुजली.

प्रतिसाद २:
नुसतं हृदय असेल तर गल्लत होते. भोवती गुलाबांचा वेढा असेल तर बहुधा मरीयेचं निष्कलंक हृदय, मग तलवार असली तरी. काट्यांचा वेढा आणि वर क्रूस असेल तर येशूचं.

प्रश्नकर्ता:
मायकेलँजेलोच्या पिएता मूर्तीत पूर्ण वाढलेला पुरुष मांडीत मावतो कसा?

प्रतिसाद ३:
प्रमाणात लबाडी आहे. ती मरीया उभी राहिली तर मुलापेक्षा चांगलीच उंच भरेल. डोकं बेताचं ठेवलंय आणि गुडघ्यांचा सगळा फुगवटा वस्त्राच्या खोल चुण्यांत दडवलाय, म्हणून खटकत नाही. १७४ सेंटिमीटर उंची, १९५ रुंदी. पायथा रुंद, वर निमुळता त्रिकोण. जर्मनीतल्या बॉनच्या लाकडी रॉटगेन पिएतात येशू ताठ, हाडं-बरगड्या वर आलेला. तिथे शोक चेहऱ्यावर ओरबाडलेला आहे. मायकेलँजेलोकडे मरीयेचा चेहरा शांत. बोलतो तो तिचा उताणा, उघडा डावा तळवा. या मूर्तीवरच्या १९७२ च्या हातोडीहल्ल्यात नेमका तोच हात कोपरापासून तुटला होता, नंतर जोडला.

प्रतिसाद ४:
उभी की कोसळलेली, यावर जुना वाद आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या रोखियर व्हान डेर वेयडनच्या चित्रात मरीया बेशुद्ध पडते आणि तिच्या देहाचा बाक हुबेहूब मुलाच्या देहासारखा आहे. आक्षेप घेणारे योहानाच्या शुभवर्तमानातलं १९:२५ दाखवत: तिथे ती क्रुसापाशी उभी आहे. 'स्ताबात मातेर' या लॅटिन स्तोत्राच्या पहिल्याच शब्दाचा अर्थ 'उभी होती'.